बिल इलियट: ११ शर्यती जिंकूनही १९८५ चा किताब हातचा कसा गेला?

गिअरपेटी_पुसद

नमस्कार जी. आयटीआयत मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतो. पोरं बहुतेक कास्तकारांच्या घरची, ट्रॅक्टरचं हेड उतरवायला बसली की जेवणाची सुट्टी विसरतात. त्यांच्यासाठी एका तासाचा पाठ बांधतोय, विषय बिल इलियट, अमेरिकेतल्या नास्कार या मोटार शर्यतींचा चालक. हा गडी कुठल्या बड्या कारखान्यातून आला नाही म्हणून. जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागातलं डॉसनव्हिल हे लहानसं गाव, वडील जॉर्ज यांची फोर्डची एजन्सी, थोरला भाऊ अर्नी इंजिन बांधणारा, मधला डॅन गिअरचं काम पाहणारा, आणि धाकटा बिल स्टिअरिंगवर. नास्कारची पहिली मोठी शर्यत १९७६ मध्ये रॉकिंगहॅमला, पहिला विजय मात्र नोव्हेंबर १९८३ मध्ये रिव्हरसाइडला. पुढे एकूण ८२८ शर्यती, ४४ विजय, ५५ वेळा पोल (शर्यत सुरू करताना सर्वांत पुढची जागा), १९८८ चं विजेतेपद, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. इथवर पक्कं आहे.

अडतं ते पुढं. १९८५ मध्ये २८ पैकी ११ शर्यती त्याने जिंकल्या आणि किताब गेला ३ जिंकणाऱ्या डॅरेल वॉल्ट्रिपकडे. पोरं लगेच विचारतील, "सर, हे कसं काय?" माझ्याकडे उत्तर नाही. त्याच वर्षी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर तो जवळपास दोन फेऱ्या मागे पडून जिंकला, ते कसं शक्य आहे तेही कोणी समजावून द्या. आणि ताशी २१२.८०९ मैलांचा विक्रम केल्यावर त्याला आवरायला म्हणून ती रेस्ट्रिक्टर प्लेट (इंजिनात जाणारी हवा अडवणारी पट्टी) आणली असं वाचलंय. ती प्लेट वर्गात करून दाखवता येईल का? १९९२ चा किताब १० गुणांनी गेला, त्याचाही हिशोब हवा आहे.

पोरांना शंकरपट चांगला कळतो. तिथून उदाहरण सापडलं तर सोन्याहून पिवळं.

हिरवा_झेंडा

सर, सुरुवात शंकरपटापासूनच करा, फार चपखल बसतं. पटावर जोडी घड्याळाविरुद्ध धावते, सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. नास्कारमधली पात्रता फेरी अगदी तशीच: गाडी एकटी, समोर फक्त घड्याळ. सर्वांत कमी वेळ ज्याचा, त्याला शर्यतीत पहिली जागा, म्हणजे पोल. इलियटचे ५५ पोल म्हणजे एकट्या जोडीचा वेग. शर्यत हे निराळं प्रकरण आहे. तिथे चाळीसेक गाड्या एकदम सुटतात आणि ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, पळतात. आणि वर्षाचा किताब त्याहून निराळा. तो वेगाचा नसतो, गुणांचा असतो.

त्या काळची गुणपद्धत फळ्यावर लिहा. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५, असे सहाव्यापर्यंत पाच-पाच कमी होत १५०. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत चार-चार कमी, म्हणजे अकराव्याला १३०. त्यानंतर प्रत्येक जागेला तीन कमी. एक फेरी जरी आघाडीवर पूर्ण केली तर ५ जादा, आणि सगळ्यांत जास्त फेऱ्या आघाडीवर असणाऱ्याला आणखी ५.

आता पोरांना विचारा: जिंकलेला आणि दुसरा आलेला, यांच्यात फरक किती? पाच गुण. आणि जिंकलेला व गिअरबॉक्स फुटून तिसाव्या नंबरावर थांबलेला, यांच्यात? तिसाव्याला ७३ मिळतात, म्हणजे फरक १०२. एका बिघाडाची भरपाई करायची तर दुसऱ्यापेक्षा वीस वेळा पुढे यावं लागेल. वॉल्ट्रिप जिंकला कमी, पण बंद पडला त्याहून कमी. दरवेळी पाचवा, सातवा येत राहिला आणि गुण साठत गेले.

इलियट सप्टेंबरमध्ये डार्लिंग्टनला जिंकला तेव्हा गुणांत २०० हून जास्त पुढे होता. तिथून घसरण सुरू झाली, आणि ती मुख्यतः छोट्या ट्रॅकवर. नॉर्थ विल्क्सबरोला गिअरबॉक्स गेला, तिसावा नंबर. शेवटची शर्यत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला होती, तोवर वॉल्ट्रिप २० गुणांनी पुढे गेलेला. तिथे पुन्हा गिअरबॉक्स, इलियट एकतिसावा: ७० गुण. वॉल्ट्रिप सातवा: १४६, अधिक आघाडीचे ५, एकूण १५१. फरक ८१. आधीचे २० धरून १०१. इलियटने किताब बरोबर १०१ गुणांनी गमावला.

गिअरबॉक्सच का, हा तुमच्या वर्गाचा खरा प्रश्न आहे. टॅलाडेगा किंवा डेटोनासारख्या मोठ्या ट्रॅकवर गिअर फक्त पिटमधून (इंधन, टायर, दुरुस्तीसाठी थांबायची जागा) निघताना आणि थांब्यानंतर पुन्हा सुटताना बदलतात. बाकी सगळा वेळ चौथ्यात, पाय पूर्ण खाली. रिव्हरसाइड मात्र डाव्या-उजव्या वळणांचा रस्ता. प्रत्येक फेरीत खाली-वर, खाली-वर. दरवेळी सिंक्रो रिंग, डॉग दात आणि सिलेक्टर फोर्कवर धक्का. इलियट भावांचा सगळा जीव मोठ्या ट्रॅकच्या इंजिनात होता, त्यातून ते ११ विजय आले, सगळेच्या सगळे मोठ्या ट्रॅकवर. मार्टिन्सव्हिल, नॉर्थ विल्क्सबरो अशा एक मैलाच्या आतल्या ट्रॅकवर ब्रेक आणि गिअर यांचं राज्य असतं, तिथे ही गाडी उणी पडली.

१९८८ चा किताब याच्याशी जोडून सांगा. त्या वर्षी इलियटचे ६ विजय, प्रतिस्पर्धी रस्टी वॉलेसचेही ६. म्हणजे १९८५ च्या जवळपास निम्मे. पण गाडी शेवटपर्यंत पोचत राहिली, ब्रिस्टलला कारकिर्दीतला पहिला छोट्या ट्रॅकचा विजयही मिळाला. अखेरची शर्यत अटलांटाला वॉलेसने जिंकली, इलियट अकरावा आला, आणि तरीही २४ गुणांनी किताब त्याचा. त्या दिवशी त्याला जिंकायचं नव्हतंच, गाडी घरी आणायची होती.

वऱ्हाडी_पाना

सर, टॅलाडेगाचं मी सांगतो. माझी बोली चालवून घेजा.

पैले गाडी समजून सांगजा पोराईले. नाव 'स्टॉक कार', पन शोरूमची गाडी नाही थे. अंगावर फोर्डच्या थंडरबर्डचं कवच, आत लोखंडी नळ्याईची चौकट. इंजिन व्ही-८, ३५८ घन इंच, म्हंजे जवळपास ५,८६७ सीसी. पन आतली रचना तुमच्या ट्रॅक्टरवानीच: कॅमशाफ्ट ब्लॉकमंदी, वरतं पुश रॉड, रॉकर, अन् एका सिलिंडरले दोनच व्हॉल्व्ह. पोराईनं ट्रॅक्टरचं टॅपेट सेट केलं असंन तं हे इंजिन त्याईले अनोळखी वाटनार नाही. फरक दोन. एक तं हे पेट्रोलवर, तवा चार भोकाच्या हॉली कार्बोरेटरवर चालत होतं. अन् दुसरा, ऑइल चेंबरमंदी रायत नाही. त्याले ड्राय संप म्हन्तेत. ऑइलची टाकी वायली, पंप वायला, अन् मंधात बाहेरून पाइप.

तिथंच घोटाळा झाला. ५ मे १९८५, टॅलाडेगा, फेरी २.६६ मैलाची, एकून १८८ फेऱ्या. चवथा हिस्सा शर्यत झाली असंन तं ऑइलच्या पाइपाचं फिटिंग गेलं, धूर निंगाला, गाडी पिटमंदी. दुरुस्त करून बाहेर येईस्तोवर जवळपास दोन फेऱ्या मांगं.

फिटिंग काहून जाते हे पोराईले दाखवा. सात हजार आरपीएमच्या वर इंजिन घंटाघंटा थरथरते. पाइप आखूड अन् ताठ बसवला तं थरथर सारी युनियनच्या गळ्यावर येते, अन् थो गळा तुटते. लय कसून आवळलं तरी तेच, फ्लेअरची कडा चिरते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपात हेच होते. म्हनून पाइपाले थोडं झोल ठेवाव, मंधात क्लिप माराव, अन् उघडल्यावर तांब्याचा वॉशर नवाच टाकाव.

आता दोन फेऱ्या कशा भरल्या? पोलचा वेग होता ताशी २०९.३९८ मैल, थो बी इलियटचाच. त्या वेगानं एक फेरी ४५.७ सेकंदाची. शर्यतीत समजा ४६-४७. मानूस एका फेरीत एक सेकंद मिळवत गेला तं ४६-४७ फेऱ्यात एक फेरी भरते, अन् नव्वद-पंच्याण्णव फेऱ्यात दोन. शंभराच्या वर फेऱ्या उरल्या होत्या. हिशोब बसते. पन एक सेकंद दर फेरीले, म्हंजे दोन टक्क्याच्या वर जादा वेग, अन् थो बी तेवढ्याच मोठ्या इंजिनच्या गाड्याईवर, हे कोनालेच जमत नव्हतं. पिवळा झेंडा (धोक्याची खून, साऱ्याईनं हळू चालाव) लागला असता तं साऱ्या गाड्या गोळा होतेत, मांगच्याचं काम सोपं होते. याले त्याची मदत झाली नाही. हिरव्या झेंड्याखालीच भरून काढलं, अन् जिंकला. पुऱ्या शर्यतीचा सरासरी वेग ताशी १८६.२८८ मैल आला, थो ५०० मैलाच्या शर्यतीचा विक्रम १९९७ पर्यंत टिकला.

हे झालं म्हनूनच दहा लाख डॉलर भेटले. डेटोना ५००, टॅलाडेगाची विन्स्टन ५००, शार्लटची ६०० मैलाची, अन् डार्लिंग्टनची सदर्न ५००, या चारपैकी तीन जिंकाव लागत होत्या. शार्लटले ब्रेकनं दगा देल्ला. डार्लिंग्टनले १ सप्टेंबरले जिंकला, अन् तवापासून 'मिलियन डॉलर बिल'.

हिरवा_झेंडा

पान्याभाऊंचा हिशोब अगदी बरोबर. डार्लिंग्टनबद्दल एक जोडतो, पोरांना आवडेल. तो ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, एका टोकाची वळणं दुसऱ्या टोकापेक्षा आवळ. कारण बांधताना जमीनमालकाने आपलं माशांचं तळं वाचवायला सांगितलं, म्हणून एक टोक आत ओढून घेतलं. त्यामुळे एका टोकाला जुळवलेलं सस्पेन्शन दुसऱ्या टोकाला चुकतं, आणि चालकाला सगळा दिवस तडजोडीवर काढावा लागतो.

मॅनिफोल्ड_आर्णी

सर, प्लेटबद्दल आधी एक दुरुस्ती. २१२.८०९ हा शर्यतीतला वेग नव्हे, टॅलाडेगाच्या पात्रता फेरीतला, एप्रिल १९८७ च्या अखेरचा. फेरीची वेळ ४४.९९८ सेकंद, किलोमीटरमध्ये ताशी सुमारे ३४२.५. आणि प्लेट इलियटला आवरायला आली नाही. त्याच आठवड्यात शर्यतीत बॉबी ॲलिसनचं मागचं टायर फुटलं, गाडी मागच्या बाजूने उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरचं जाळीचं कुंपण फाडत गेली. गाडी पूर्ण आत घुसली असती तर किती माणसं गेली असती याची कल्पना करवत नाही. म्हणून त्या वर्षी पुढे डेटोना आणि टॅलाडेगाला छोटे कार्बोरेटर वापरले, आणि १९८८ पासून प्लेट. नियम सगळ्यांना सारखा. इलियटचा विक्रम टिकला तो त्यामुळेच. नंतर त्या वेगाने पात्रता फेरी कोणी केलीच नाही.

त्या वेगाचा अंदाज पोरांना असा द्या. ताशी ३४२.५ किमी म्हणजे सेकंदाला ९५ मीटर. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर चाक सेकंदाला ४३ वेळा फिरतं, मिनिटाला साधारण २,६००. चौथा गिअर सरळ एकास एक. क्राऊन-पिनियन समजा २.८ चं, तर इंजिन सुमारे ७,२५० वर. हेच गणित ट्रॅक्टरचा टॉप गिअर आणि मागच्या टायरचा घेर घेऊन पोरांकडून उलटं करून घ्या. स्पीडोमीटर नसला तरी आरपीएमवरून वेग निघतो हे त्यांना पटेल.

आता प्लेट. ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, तिला चार भोकं, कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसायची. कार्बोरेटरच्या प्रत्येक गळ्याचा व्यास १ पूर्णांक ११/१६ इंच, म्हणजे जवळपास ४२.९ मिमी. १९८८ च्या प्लेटचं भोक १ इंच, २५.४ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात बदलतं, त्यामुळे वाट उरते फक्त ३५ टक्के. हवा कमी, म्हणून पेट्रोल कमी, म्हणून ताकद कमी. डेटोनाचा पोल १९८७ मध्ये इलियटचाच होता, २१०.३६४ मैल. १९८८ मध्ये केन श्रेडरचा १९३.८२३.

इथे हुशार पोरगा विचारेल: वाट तिसऱ्या हिश्श्याची झाली, मग वेग आठच टक्के का घटला? दोन कारणं. लहान भोकातून हवा जास्त जोराने ओढली जाते, त्यामुळे वाट जितकी घटते तितकी हवा घटत नाही. दुसरं असं की एवढ्या वेगात ताकद जवळजवळ सगळी हवा कापण्यात जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणून ताकद बरीच कापली तरी वेग थोडाच उतरतो. थंडरबर्डचा १९८३ पासूनचा गोलसर, हवेला वाट देणारा आकार इलियट भावांच्या इतका कामी आला तो याचमुळे. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सला १९८६ मध्ये आपल्या मॉन्टे कार्लो गाडीची मागची काच तिरपी करावी लागली.

वर्गातल्या प्रयोगासाठी १०० सीसी मोटारसायकलचं जुनं इंजिन स्टँडवर घ्या, रस्त्यावर नको. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये जो काळा इन्सुलेटर असतो, त्याच्या मापाने २ मिमी ॲल्युमिनियमचा तुकडा कापा. बोल्टची दोन भोकं आधी पाडा, मग पट्टी जागेवर लावून मधल्या भोकाचा केंद्रबिंदू खुणा. गळ्याचं भोक समजा १८ मिमी, तर तुम्ही १२ चं पाडा, म्हणजे वाट ४४ टक्के उरेल. भोकाची कडा कानसून बर (कडेला उरलेली धातूची कुसळं) काढा. बर राहिला आणि सुटला तर थेट व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट हवं. पट्टी आणि जादा गॅस्केटची जाडी मोजून बोल्ट तितकेच लांब घ्या, नाहीतर दोन-तीन आट्यांवर आवळताना हेडचा ॲल्युमिनियमचा आटा जातो.

सुरू केल्यावर आयडलिंगला काहीच फरक दिसणार नाही. पोरं म्हणतील प्लेट फेल. तिथेच थांबवून सांगा: आयडलला थ्रॉटल जवळपास बंद, तिथली फट बारा मिमीच्या भोकापेक्षा फार लहान, त्यामुळे अडवणारी जागा अजून थ्रॉटलच आहे. थ्रॉटल हळूहळू उघडा. अर्ध्यापर्यंत दोन्ही सारखं चालेल, पुढे मूठ पूर्ण पिळली तरी इंजिन चढायचं थांबेल. भार दिल्याशिवाय हे नीट दिसत नाही, म्हणून स्प्रॉकेटला लाकडी ब्रेक लावून बघा.

गिअरपेटी_पुसद

फार मोलाचं दिलंत सगळ्यांनी. मॅनिफोल्डजी, एक अडचण. जुन्या इंजिनावर घाईत एक पट्टी करून पाहिली तर आयडलिंग उलट वाढलं, आणि थ्रॉटल बंद करूनही इंजिन वर-खाली करत राहिलं. असं का व्हावं? आणि १९९२ चं राहिलंच.

मॅनिफोल्ड_आर्णी

पट्टीच्या कडेने हवा ओढतंय. कार्बोरेटरच्या पुढून आलेली हवा पेट्रोल न घेता येते, मिश्रण पातळ होतं, म्हणून आरपीएम चढतं आणि हेलकावे खातं. इंजिन चालू असताना जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे पाणी आत ओढलं जाऊन आवाज बदलेल तिथे गळती. पत्रा कात्रीने कापला असेल तर कडेला वाक आलेला असतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून पट्टी दोन्ही बाजूंनी घासा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत.

हिरवा_झेंडा

१९९२ चं मी पुरं करतो. इलियट तेव्हा ज्युनिअर जॉन्सनच्या संघात, ११ नंबरची गाडी. १९८५ मध्ये वॉल्ट्रिपला किताब मिळवून दिला तो हाच संघ. मार्चमध्ये सलग चार शर्यती जिंकल्या: रॉकिंगहॅम, रिचमंड, अटलांटा, डार्लिंग्टन. १५ नोव्हेंबरला अटलांटाला शेवटची शर्यत, ३२८ फेऱ्या. डेव्ही ॲलिसन गुणांत आघाडीवर, ॲलन कुलविकी ३० गुणांनी मागे, इलियट ४० ने. ॲलिसन दुसऱ्याच्या अपघातात सापडला. उरले दोघं.

शर्यत इलियटने जिंकली, कुलविकी दुसरा. इलियटला १७५ आणि आघाडीचे ५, एकूण १८०. कुलविकीला १७०, आघाडीचे ५, आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिल्याचे ५, म्हणजे त्यालाही १८०. आधीचा १० चा फरक जसाच्या तसा राहिला आणि किताब कुलविकीचा. आघाडीच्या फेऱ्या होत्या कुलविकी १०३, इलियट १०२.

एकच फेरी इकडची तिकडे झाली असती तर? इलियट १०३, कुलविकी १०२. मग इलियटला १८५, कुलविकीला १७५, दोघं समान. बरोबरी झाली की जास्त विजयवाला पुढे: इलियटचे ५, कुलविकीचे २. किताब इलियटचा.

ही फेरी नशिबाने गेली नाही. फेरी कोणाची हे रेषा ओलांडताना पुढे कोण यावर ठरतं, त्यामुळे इंधन भरायला कोण एक-दोन फेऱ्या उशिरा येतो त्यावर आघाडीच्या फेऱ्या वाढतात. कुलविकी शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. त्याच्या माणसांनी पिटमध्ये बसून मोजत ठेवलं होतं आणि ५ गुणांना पुरतील तितक्या फेऱ्या झाल्यावरच त्याला आत घेतलं. त्यातही त्याचा पहिला गिअर शर्यतीत आधीच गेलेला, पिटमधून गाडी वरच्या गिअरमध्येच काढावी लागत होती, म्हणून थांबा छोटा ठेवला, टायर न बदलता फक्त पेट्रोल.

फळ्यावर दोन रकाने करा, एकाला १०३ आणि दुसऱ्याला १०२ लिहा, आणि वरची गुणपद्धत देऊन बेरीज पोरांनाच करू द्या.

वऱ्हाडी_पाना

अन् सर, डॉसनव्हिलची एक गोष्ट सांगजा जरूर. इलियट जिंकला का गावातल्या 'पूल रूम' नावाच्या हॉटेलाच्या छपरावरचा भोंगा वाजत होता, अख्ख्या गावाले कळे. २००३ मंदी रॉकिंगहॅमले थो शेवटचा जिंकला. आता पोरगा चेस जिंकला का वाजते, अन् थो बी २०२० चा चॅम्पियन हाये.